केरूबाईचा दोन पदरी दोर

किती वर्षं झाली ते कुणालाच नीट सांगता येत नाही, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. सीना नदीच्या काठी वेताळखडी नावाचं गाव होतं. गाव होतं उंचावर, आणि गावकुसाबाहेर, नदीच्या ऐन वळणात, दोर वळणाऱ्यांची वस्ती. पूर आला की आधी वस्ती बुडायची, मग गावाला पूर आल्याचं कळायचं.

त्या वस्तीत केरूबाई राहायची. तिच्या हातचा दोर कधी तुटला नाही, असं म्हणतात. पण तिच्या बापाच्या हातचा एकदा तुटला होता. विहिरीत पडलेला बैल वर ओढताना दोन पदरी दोर तुटला, बैल बुडाला, आणि गावानं बापाला चावडीसमोर असं मारलं की तो पुन्हा ताठ उभा राहिला नाही. तेव्हापासून वस्तीनं नेम धरला, तिसरा पदर घातल्याशिवाय दोर हातातून सोडायचा नाही. केरूबाईनं तो नेम देवासारखा पाळला.

एका भाद्रपदात भरदिवसा नदी फुगली. वस्तीतली माणसं पोरंबाळं घेऊन देवळाकडे धावली, तर देवळाच्या पायरीवरूनच त्यांना परत फिरवलं. गाव करी ते राव न करी म्हणतात, पण आधी गावानं आपलं म्हणायला तर हवं! मग ती माणसं ओढ्यापलीकडच्या टेकाडावर चढली. केरूबाई वळत असलेला दोर आणि अंबाडीच्या वाखाची पेंडी काखेत मारून चढली. तिची नणंद झेलू म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन सगळ्यांच्या मागून येत होती. तिनं आईला वर पोचवलं आणि शेळी सोडायला परत गेली. तेवढ्यात ओढा भरला. झेलू छपरावर चढली.

"वैनी, दोर टाक!" ती ओरडली.

केरूबाईच्या हातात दोर होता. लांबीला पुरेल एवढा होता. पण दोनच पदर झाले होते.

"जरा दम धर गं, तिसरा पदर घालतीया!"

"आसंल तसा टाक!"

केरूबाईच्या डोळ्यांपुढे विहिरीतला बैल होता, वाकलेला बाप होता. तिचे हात असे चालले की तळव्यांतून रक्त आलं. तिसरा पदर पुरा झाला, तिनं गाठ मारली, मान वर केली, तेव्हा तिथं छप्पर नव्हतं.

तिनं तरीही दोर टाकला. असं म्हणतात, की तो दोर पाण्यावर आपोआप लांबत गेला, तीन कोस झेलूला हुडकत गेला, आणि रिकामा परत आला.

दुसऱ्या दिवशी बाभळीत अडकलेली चार माणसं दिसली. कालचा लांब दोर पुरात झिजला होता, वाखही थोडाच उरला होता. केरूबाईनं दोनच पदर वळले आणि तसाच दोर फेकला. चारही माणसं त्या दोराला धरून बाहेर आली. दोर तुटला नाही. सगळी वस्ती हरखली, आणि केरूबाई मात्र तो दोर छातीशी धरून ऊर फुटेस्तोवर रडली.

पूर ओसरला, देवळात मदतीचं धान्य आलं. वस्तीला गावाकडून निरोप आला, उरलं तर देऊ. केरूबाई म्हणाली, "उरल्याची वाट बघत बसू नगा. ज्याच्याकडं जे अर्धंमुर्धं आसंल ते आत्ताच घिऊन या. पुरं व्हायची वाट मी बघितली, तुमी बघू नगा."

मग कुणी भिजलेली ज्वारी आणली, कुणी एका बाजूनं भाजलेली भाकरी, कुणी फाटकं घोंगडं. त्यावर वस्ती जगली. पुढं केरूबाई काठाकाठानं चालत खालच्या वस्त्यांना भेटली. कैकाड्यांच्या, वडारांच्या, भोयांच्या. पुराच्या वेळी वरच्या वस्तीनं थाळी बडवायची, ती ऐकून खालच्यांनी बडवायची, आणि पाणी ओसरलं की बोलावण्याची वाट न बघता असेल ते घेऊन बुडालेल्या वस्तीकडं निघायचं, असं ठरलं. म्हातारपणी तर पाणी चढायच्या आधी केरूबाई तिथं पोचलेली असायची म्हणे, कमरेला दोर गुंडाळून. एका पुरात गावातलेही लोक त्या दोराला धरून वर आले. तेव्हा दोर कुणाच्या हातचा, हे कुणी विचारलं नाही!

लोक पाया पडायला आले की ती म्हणायची, "मी एकीला बुडवलं, तेवढं ध्यानात ठेवा."

आजही भाद्रपदात एक दिवस सगळ्या वस्त्या वळणावर जमतात. ज्याचं जे अर्धं झालं असेल ते घेऊन येतात, अर्धी विणलेली पाटी, अर्धं जाळं, अर्धी शिवलेली गोधडी, आणि ज्याला गरज असेल त्याच्या हाती देतात. मग दोर वळणाऱ्यांच्या वस्तीतली सगळ्यात थोरली सून पाण्यापाशी जाते आणि दोन पदरी दोर धारेत फेकते.

"झेलू, धर गं!" ती हाक मारते.

बऱ्याच वेळानं दोर ओढून घेतात. तो रिकामाच येतो. पुढच्या वर्षी पुन्हा टाकतात.