एक्केचाळीस नोंदी

"मग चूक कुणाची, बाबा?"

कब्रस्तानालगतच्या तक्यात राहणारे फकीर नूरशाबाबा कबरीवरची माती फावड्याने सारखी करत होते. कबर कालची होती. त्यांनी मान वर केली नाही.

निषाद कागद हातात घेऊन उभा राहिला. जिल्ह्यातल्या रुग्णवाहिका ज्या सॉफ्टवेअरवर धावतात, ते त्याने लिहिलेलं. सहा महिन्यांपूर्वी त्याने त्यावर एआय एजंट बसवला. नियंत्रण कक्षातली माणसं कामाच्या अडचणी लिहून ठेवत. एजंट त्या वाचायचा, बिघाड शोधायचा आणि सॉफ्टवेअर स्वतःच दुरुस्त करायचा. माणसाला मध्ये पडावं लागत नसे. त्यासाठी निषादचा सत्कार झाला होता. शाल त्याने बाबांनाच आणून दिली होती. बाबांनी ती तक्याच्या दारातल्या कुत्रीला अंथरली.

सोमवारी बशीर आत्तारच्या छातीत कळ आली. घरच्यांनी फोन केला. गाडी निघाली ती त्याच्या जुन्या घरी गेली. घर बदलून त्याला चार महिने झाले होते. गाडी नव्या घरी पोहोचेपर्यंत तो गेलेला होता.

"चूक मंदाताईंची," निषादनेच उत्तर दिलं. "मंदाकिनी पाटोळे. कक्षात असतात. पत्ता जुना दिसला की फोन करणाऱ्याकडून नवा विचारून घ्यायच्या आणि ड्रायव्हरला स्वतः कळवायच्या. सोमवारी रजेवर होत्या. बदली माणसाला काही सांगून गेल्या नाहीत."

"यंत्राला सांगितलं होतं?"

"...हो."

"किती वेळा?"

"एक्केचाळीस. 'पत्ता जुना दाखवतंय, बघा.' दर वेळी एवढंच."

"मग?"

"गाडी प्रत्येक वेळी वेळेवर पोहोचली ना, बाबा! एजंट निकाल बघतो. गाडी पोहोचली, म्हणजे बिघाड किरकोळ. त्याने एक्केचाळीस नोंदींची एकच केली आणि यादीत तळाला टाकली. बाई मागून फोन करतात, हे त्याला काय माहीत?"

"तुला माहीत होतं?"

"मी त्या खोलीत कधी गेलोच नाही. जावं लागू नये म्हणूनच तर एजंट बनवला."

बाबांनी एक ढेकूळ फावड्याच्या पात्याने फोडलं.

"अकरा वाजता चौकशी आहे," निषाद म्हणाला. "अहवाल एजंटनेच लिहिलाय. मी सही करायची. ताईंची नोकरी जाईल, नवऱ्याच्या मागे दोन मुलींचं त्याच बघतात... पण यात खोटं काही नाही. ड्रायव्हरला फोन गेला नाही, हे खरंच आहे."

"वाच."

"इथे?"

"बशीरला ऐकू दे. त्याच्याबद्दलच आहे ना?"

निषादने कागद उघडला. "घटनेचं कारण, मानवी चूक. जबाबदार कर्मचारी, मंदाकिनी पाटोळे. प्रकरण क्रमांक सतराशे चार..."

"त्याचं नाव कुठाय?"

निषादने कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. उलटून पाहिला. मंदाताईंचं नाव तीनदा होतं. बशीर आत्तारचं एकदाही नव्हतं.

त्याने कागदाची घडी घातली. मग त्याची मान पुन्हा ताठ झाली.

"पण एजंट शिकला, बाबा. सोमवारी संध्याकाळच्या आतच. नोंद तळातून वर काढली, दुरुस्ती केली. आता एकाही माणसाचा जुना पत्ता येणार नाही. माणसाला एवढं शिकायला वर्ष लागलं असतं."

"एक्केचाळीस वेळा सांगून नाही शिकला?"

"नाही."

"एका मढ्याने शिकला."

"...हो."

"सलाम कर."

"कुणाला?"

बाबांनी फावड्याचं टोक कबरीकडे केलं. "उस्तादाला. तुझ्या यंत्राला शिकवून इथे येऊन झोपलाय."

निषादचा हात कपाळापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मग तो मटकन खाली बसला. ओल्या मातीने पॅन्ट भरली, तरी त्याचं लक्ष नव्हतं. त्याने खिशातून पेन काढलं. कागद गुडघ्यावर धरून मंदाकिनी पाटोळे हे नाव खोडलं, तीनही ठिकाणी. पहिल्या ठिकाणी स्वतःचं नाव लिहिलं. सर्वांत वर बशीर आत्तार लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

कागद त्याने बाबांपुढे धरला. बाबा शाबास म्हणतील, निदान पाठीवर हात ठेवतील, असं त्याला वाटलं.

बाबांनी कागद पाहिला नाही. ते पलीकडच्या मोकळ्या जागेत गेले. टाच आपटून जमीन किती कडक आहे ते पाहिलं.

"जाऊन विचार तुझ्या यंत्राला," बाबा म्हणाले. "त्याचं आणखी किती शिकायचं राहिलंय... तेवढे खड्डे आत्ताच काढून ठेवतो. उन्हाळ्यात इथे फावडं जमिनीत शिरत नाही."