बेताचं पाणी

"मग बसवू की नको, एवढंच सांगा."

गद्रे मास्तरांनी पुन्हा विचारलं. बुवा कुंडात पडलेली पानं काठीनं कडेला सारत होते. त्यांनी ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

पौषातली सकाळ. डोंगराच्या पोटातून कढत पाणी येई आणि दगडी कुंडात साठे. वरून धुकं उतरत होतं, खालून वाफ चढत होती, आणि मधे कुठंतरी दोन्ही एकमेकांत मिसळून जात होती. त्यात बुवांचं डोकं दिसे, मग दिसेनासं होई.

गावातले हिंदू त्यांना बुवा म्हणत, खाडीपलीकडचे मुसलमान बाबा म्हणत, आणि ते सगळ्यांनाच अरेतुरे करत. मास्तरांना हे पहिल्यापासून खटकलेलं. अख्खा तालुका ज्याला गुरुजी म्हणतो, त्याला अरेतुरे? पण अडला हरी म्हणतात, तशी वेळ आली होती. त्या म्हणीतलं पुढचं मास्तर मनातसुद्धा म्हणाले नाहीत.

"काय बसवायचं म्हणालास?"

"सोलर हीटर. उन्हावर पाणी तापतं."

"मग बसव की."

"तसं नाही…" मास्तर सरसावून बसले. "न्हाणीघरावर स्लॅब आहे, दक्षिण मोकळी आहे. पण दुपारनंतर फणसाची सावली येते. पावसाळ्यात सूर्याचं तोंड दिसत नाही, तेव्हा वीज जाळावी लागणार. विहिरीचं पाणी जड, नळ्यांत क्षार धरणार. शेजारचे बापट म्हणतात बसवा. पुण्याचा भाचा म्हणतो, त्यापेक्षा साधा गीझर घ्या. कंपनीचा माणूस येऊन छप्पर बघून गेला."

सगळे मुद्दे त्यांना तोंडपाठ होते. हेडमास्तर होऊन निवृत्त झालेला, जन्मभर गणित शिकवलेला माणूस. मांडणी चोख होती, उत्तर तेवढं येत नव्हतं.

"मग अडलं कुठं?" बुवांनी विचारलं.

"त्या माणसानं विचारलं, घरात अंघोळीला माणसं किती? टाकी केवढी घ्यायची, ते त्यावर ठरतं."

"किती?"

मास्तर कुंडाकडं बघू लागले.

कुंडाच्या तळातून बुडबुडे वर आले आणि फुटले. पाणी पुन्हा शांत झालं.

"दोन," मास्तर म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "सध्या एक."

बुवांनी काठी खाली ठेवली.

गोष्ट एवढीच होती. मास्तरांच्या घरी तांब्याचा बंब होता, आणि पहाटे उठून तो पेटवायचं काम शरयूबाईंचं होतं. लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून. गेल्या दिवाळीनंतर एकदा डोळे पुसत त्या म्हणाल्या, "अहो, आता धूर सोसत नाही. ते सोलर का काय, ते बसवूया का?" मास्तर वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "बंबात चार ढलप्या टाकायच्या, त्याला कसले आलेत कष्ट?"

शरयूबाई बंबाकडं वळल्या. पुढं भाचीच्या लग्नासाठी देवरुखला बहिणीकडे गेल्या. लग्न झालं, मांडव उतरला, पाहुणे पांगले. फोनवर म्हणाल्या, "राहते अजून थोडे दिवस." ते थोडे दिवस काही संपेनात.

मास्तरांनी गणित मांडलं. धुरापायी गेली, तर धूर गेला की येईल. सोलर बसवायचा आणि फोन करून सांगायचं, बसवला. म्हणजे दुसरं काही बोलायलाच नको. पण बसवूनही ती आली नाही तर? हे त्यांनी बापटांना विचारलं नव्हतं, भाच्याला विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मास्तर घाबरले होते.

"हल्ली अंघोळ कशानं करतोस?" बुवांनी विचारलं.

मास्तरांनी सदऱ्याची बाही नकळत खाली ओढली.

"गार पाण्यानं."

"आणि तो हात?"

"पहिल्या दिवशी बंब पेटवला होता मी. पाणी काढलं आणि घेतलं अंगावर…"

"विसण न घालता?"

मास्तरांनी बाही आणखी खाली ओढली. काय सांगणार? न्हाणीत घंगाळ समोर येई ते तयारच. कढत पाण्यात आधी कुणीतरी गार पाणी बेताबेतानं घालतं, हात बुडवून बघतं, मग ते आपल्यापुढं येतं, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना वाटे, बंबातून निघतंच तसं.

"आलायस तर अंघोळ कर," बुवा म्हणाले. "सोलरचं मग बघू."

मास्तरांनी सदरा उतरवला आणि कुंडातून बादली भरली. पाण्याची वाफ तोंडावर आली. पलीकडं कातळातून गार पाण्याची धार पडत होती. तांब्या घेऊन ते तिकडं वळले, तशी बुवांची काठी आडवी आली.

"इथं आपलं विसण आपण घालायचं नाही."

"मग?"

"दुसऱ्यानं घालायचं. कुंडाची रीत आहे."

मास्तरांनी इकडंतिकडं पाहिलं. एरवी कुंडावर माणसं असत. आज धुक्यात दोघंच होते.

ते बादलीपुढं बसून राहिले. उघड्या पाठीला थंडी बोचू लागली. बुवा पुन्हा पानं सारू लागले होते. शाळेत मास्तरांनी नुसतं बघितलं की खडू यायचा, पाण्याचा पेला यायचा. त्यांनी बुवांकडं तसंच बघितलं. बुवांनी पानांकडं बघितलं.

"बुवा…"

"हं."

"विसण…"

"विसणाचं काय?"

एवढासा शब्द, पण बाहेर यायला तयार नव्हता.

"जरा घालता का?"

बुवा लगेच उठले, जणू एवढ्यासाठीच थांबले होते. धारेखाली तांब्या भरून आणला, बारीक धारेनं बादलीत सोडला, हाताची पाठ बुडवून पाहिली, आणखी थोडं सोडलं.

"बेताचं आहे ना?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी तांब्या भरला आणि खांद्यावर ओतला. उत्तर द्यायचं त्यांना सुचलंही नाही.

ऊब पाठीवरून खाली उतरत गेली. त्यांनी डोळे मिटले. वाफेला गंधकाचा वास होता, पण हळूहळू त्यात धुराचा वास मिसळला. समोर कुंड नव्हतं, आपली न्हाणी होती. फटीतून येणारा उजेड, कोनाड्यातली शिकेकाई, दगडावर ओल्या पावलांचे ठसे. दार लोटलेलं. आणि दाराबाहेर बांगड्या वाजल्या.

"बेताचं आहे ना हो?"

मास्तरांनी दुसरा तांब्या ओतला. आवाज पुन्हा आला. श्रावणातल्या सकाळी आला, दिवाळीच्या पहाटे आला, वडील गेले त्या दिवशी हलका होऊन आला. रोज. दारापलीकडं पावलं थोडी थांबत, मग स्वयंपाकघराकडं जात. मास्तरांना तो आवाज ओळखीचा होता, विहिरीवरचा रहाट करकरतो त्याच्याइतका. तो प्रश्न आहे, असं मात्र त्यांना कधी वाटलं नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. डोळे उघडले तेव्हा बादली रिकामी होती. समोर बुवा पंचा नेसून, आपली बादली भरून बसले होते.

"आता माझं," बुवा म्हणाले.

मास्तर ओलेत्यानं उठले. धारेखाली तांब्या धरला, आणला, बादलीत ओतला. हात घातला आणि चटकन मागं घेतला. पुन्हा आणलं. आता जास्त तर नाही झालं? म्हाताऱ्या माणसाचं अंग, पौषाची थंडी. त्यांनी भाजलेला हात बुडवून पाहिला, मग दुसरा. थोडं कढत पाणी परत घातलं. आणखी एकदा धारेकडं गेले. असं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं, आणि गंमत म्हणजे त्यांना ते आवडत होतं. अखेर हाताला बरं वाटलं.

"बुवा, बेताचं आहे ना?"

बुवांनी तांब्या भरून डोक्यावर ओतला.

बोलले नाहीत.

ऐकू गेलं नसेल. मास्तर जरा वाकले.

"बेताचं आहे ना?"

बुवांनी दुसरा तांब्या घेतला. वाफेत त्यांचा चेहरा दिसेना.

मास्तर रिकामा तांब्या धरून उभे राहिले. पाणी कढत तर नव्हतं? का गार झालं? जावं, की थांबावं? वर्गात कुणी उत्तर दिलं नाही, की ते त्याला बाकावर उभं करत. इथं तेच उभे होते. पायाखालचा दगड गार पडत चालला होता.

"बुवा," त्यांचा आवाज ओला झाला, "काहीतरी बोला हो…"

धुकं कुंडावर टेकलं होतं. गार पाण्याची धार तेवढी वाजत होती.

बुवांनी शेवटचा तांब्या अंगावर घेतला. पंच्याच्या टोकानं सावकाश तोंड पुसलं.

"तो सोलर बसव, मास्तर," ते म्हणाले. "तो काही विचारत नाही."