उपाशी दुपटं

एक होता राजा, असं तुमची आजी सुरू करायची. आपल्या गोष्टीत राजा नाही. म्हातारा आहे. चालवून घ्या. पाय आत घ्या आणि ऐका.

तर एक होता म्हातारा. नाव गेनबा. तोंडाचा फटकळ, मनाचा बरा. त्याची बायको तानूबाई गेल्या सुगीत वारली, आणि तेव्हापासून त्यानं चूल पेटवली नव्हती. शेजारणीनं दिलेली शिळी भाकरी पाण्यात बुडवायची, खायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं. असं चाललं होतं.

मग काय झालं, नदीपल्याड दिलेली त्याची लेक हौसा बाळंत झाली. मुलगी झाली. आता पहिल्या बाळाला माहेरचं दुपटं लागतं, बरं का. दुपटं म्हणजे लहानशी गोधडीच. ते आजीनं शिवायचं. इथं आजी कुठली? मग गेनबानं तानूबाईचं जुनं लुगडं काढलं. हिरवं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. सुई ओवण्यातच त्याची सकाळ गेली. सुईला शिव्या दिल्या, दोऱ्याला दिल्या. टाके असे पडले, जशी कोंबडी चिखलातून चालत गेली. पण शिवलं. लेकीला नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बघतो तर दुपटं दारात. काठ ओले.

गेनबा तापला. त्याला वाटलं, सासरच्यांनी परत धाडलं. तडक नदी ओलांडून गेला आणि विहीणबाईंना नाही नाही ते बोलला. विहीणबाई काय कमी होत्या? म्हणाल्या, "व्याही, आम्ही कशाला धाडू? पोर रात्रभर रडली आणि दुपटं आपलं आपण उठून गेलं. तुमच्यावर गेलंय."

मग गेनबाला वाटलं, टाके टोचत असतील. सगळे उसवले, बारीक घातले, पुन्हा नेऊन दिलं. पुन्हा दिवेलागणीला दुपटं हजर. सुरवंटासारखं आखडत, पसरत अंगणातून येताना त्यानं डोळ्यांनी पाहिलं. मागोमाग हौसाचा निरोप आला. आबा, पोर झोपेना. दुपट्यात झोपेना, दुपट्याबाहेर झोपेना. दूध ओढत नाही. वाळत चाललीय.

आता गेनबानं दुपटं धुतलं, उन्हात कडकडीत वाळवलं आणि तिसऱ्यांदा नेऊन दिलं. तिसऱ्यांदा ते परत आलं. पण या वेळी दारात थांबलं नाही. सरळ आत गेलं आणि गार चुलीपाशी जाऊन बसलं.

"मला भूक लागलीय," म्हणालं.

कापड बोललं म्हणून गेनबा घाबरला का? नाही घाबरला. त्याच्याशी बोलायला बरेच दिवस कुणी आलं नव्हतं. त्यानं शिळ्या भाकरीचा तुकडा पुढं केला. दुपट्यानं पाठ फिरवली.

तेव्हा त्याला आठवलं. तानूबाई काहीही शिवायची, कुणाचं दुपटं, कुणाला बटवा, तर शेवटचा कोपरा उघडा ठेवायची. मग चूल पेटवायची, भाकरी टाकायची आणि गरम भाकरीचा पहिला घास त्या कोपऱ्यात भरून वर टाका घालायची. घरात कुणी जेवायच्या आधी. म्हणायची, "उपाशी कापड देऊ नये. ते लेकराची झोप खातं." गेनबा तिला हसायचा. मुंग्या लागतील म्हणायचा.

तर आता तो चुलीपुढं बसला. लाकडं पेटेनात. फुंकून फुंकून डोळ्यांतून पाणी आलं. धुरानं आलं, दुसरं काही नाही. भाकरी थापली. एका बाजूला जाड, एका बाजूला करपलेली. पण गरम. पोटात कावळे ओरडत होते तरी पहिला घास त्यानं खाल्ला नाही. दुपट्याचा कोपरा उसवला, घास आत ठेवला आणि शिवून टाकला. दुपट्यानं सुस्कारा सोडला आणि त्याच्या मांडीवर गप पडून राहिलं.

मग गेनबानं ते नेलं आणि पोरीला गुंडाळलं. आधी पोर झोपली. मग इतक्या जागरणानं हौसा झोपली. मग विहीणबाई बसल्या बसल्या घोरायला लागल्या. सगळी पोटभर झोपली. दुपटं परत कुठं गेलं नाही.

पुढं हौसा पोरीला घेऊन माहेरी यायला लागली. आल्या आल्या धूर दिसायचा तिला छपरातून. म्हातारा भाकरी भाजत असायचा. करपवायचाच, पण भाजायचा. सगळी सुखात राहिली.

मुंग्या लागल्या नाहीत का, असं विचारू नका. नाही लागल्या.

आता तुमच्या अंगावरच्या गोधडीचा कोपरा चाचपा. कडक लागतो ना? तोच घास. टाके वाकडे आहेत तर आहेत. ती जेवलीय, तुम्ही जेवलात. मिटा डोळे.