करंजखिंडीतला पंप

करंजखिंडीच्या माथ्यावर, शेंदूर लावलेल्या दगडाशेजारी, सायकलचा एक जुना पितळी पंप साखळीने बांधलेला आहे. दर पौषातली चार दिवसांची हौशी सायकल शर्यत इथेच संपते. पण पहिल्या आलेल्याला लगेच हार घालत नाहीत. का, ते खिंडीतले ज्ञानूअप्पा चहावाले पाहुण्यांना सांगतात.

शर्यत नवी होती तेव्हा भैरू लाड नावाचा एक गडी होता म्हणे. तीन दिवस तोच पुढे. पण गावोगावी आरोळी उठायची ती गजाबाची! गजाबा तोडकर त्याच्याच गावचा. यायचा पाचवा-सहावा, पण वाटेत म्हाताऱ्याकोताऱ्यांची विचारपूस करत यायचा. भैरूच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घाम आपण गाळायचा आणि नाव त्याचं? एकदा तरी लोकांनी आपल्या नावानं ओरडावं, एवढंच त्याला हवं होतं.

चौथ्या दिवशी घाटाच्या पायथ्याशी सगळे चहाला थांबले. गजाबा गप्पांत रंगलेला पाहून भैरूने त्याच्या मागच्या चाकाचा वॉल काढून खिशात घातला. वॉलशिवाय चाकात हवा राहते कुठली?

भैरू पहिला वर पोचला. बघतो तर खिंडीत पंचांशिवाय चिटपाखरू नाही! गजाबा सायकल खांद्यावर घेऊन घाट चढतोय, अशी वर्दी एसटीच्या ड्रायव्हरने आणली होती आणि सगळी माणसं त्याला बघायला खाली धावली होती.

सगळ्यात शेवटी गजाबा आला, गर्दी घेऊनच. त्याचा सोललेला खांदा बघून भैरूला राहवेना. त्याने वॉल पुढे केला. गजाबा काय ते समजला.

"वाटंत घावला व्हय? बरं झालं गड्या, उचलून आणलास," तो मोठ्यानं म्हणाला.

आता मोठेपणही यालाच! भैरू कडाडला, "घावला न्हाई, म्याच काढला! एवढं तरी तुला मिळू देनार न्हाई."

भैरूने पंचांचा पंप ओढून घेतला, वॉल बसवला आणि मान खाली घालून हवा भरू लागला. तेवढ्यात कुणीतरी आरोळी ठोकली, "भैरू!" मग सगळी खिंड ओरडू लागली.

आजही पहिला आलेला गडी शेवटच्याची वाट बघत दगडापाशी उभा राहतो. शेवटचा स्वतःच्या हातानं आपल्या चाकाचा वॉल काढून त्याच्या तळहातावर ठेवतो. पहिला त्याच साखळीतल्या पंपाने हवा भरतो, लोक पंपाच्या प्रत्येक दट्ट्याला भैरूचं नाव घेतात आणि चाक टणक झालं की मगच हार पडतो.

ती पहिली आरोळी गजाबाची होती, असे सांगतात. भैरूने मात्र ते मरेपर्यंत कबूल केलं नाही.