हत्तीहौदाचा रिकामा कोनाडा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मात्र विचारू नका, आमच्या कुसुंबदऱ्यात त्यावरूनच डोकी फुटतात.

आमचा हत्तीहौद तुम्ही पाहिला असेल. चारी बाजूंनी कमानी, उतरायला बेचाळीस पायऱ्या, आणि हत्ती बुडेल एवढं पाणी. वरची आळी म्हणते, हा सरदारानं बांधला. खालची आळी म्हणते, छे, त्याच्या कितीतरी आधीच्या गवळी राजानं. शहरातून विद्वान येतात, कमानी मोजतात, माझ्या दुकानातून गूळ-शेंगदाणे घेतात आणि दर वेळी निराळं शतक सांगून जातात. मी सगळ्यांना हो म्हणतो. गिऱ्हाइकाशी वाद घालून दुकान चालत नाही.

भांडणाचं मूळ आहे समोरच्या कमानीवर. तिथं नावाचा दगड बसवायला कोनाडा केलाय, पण तो रिकामा आहे. का रिकामा, हे मात्र दोन्ही आळ्या एकसारखंच सांगतात.

तेव्हा गावात चिमाई नावाची लोणारीण होती. नवराबायको मिळून चुना भाजायची. गावाला पाणी नव्हतं, बाया तीन कोस नदीवर जायच्या. म्हणून धन्यानं हौद काढला. धनी म्हणजे राजा म्हणा, सरदार म्हणा, तुमच्या आळीप्रमाणे. त्याचा कारभारी भलता घाईचा. आज भाजलेला चुना त्यानं आठव्या दिवशी भिंतीत घातला. पहिल्याच पाण्याला भिंत फुटली. खाली चिमाईचा नवरा म्हाळोजी होता. त्याची पाटी तेवढी सापडली.

काम पुन्हा निघालं. या खेपेला चिमाईनं चुना खड्ड्यात भिजत घातला, त्यात गूळ कालवला, बेलफळाचा गर कालवला, वर फळी टाकली आणि फळीवर स्वतः बसली.

कारभारी आला. "चिमे, ऊठ. अक्षय्य तृतीयेला धनी पाणी सोडणार आहेत."

"कोणत्या साली?"

"याच साली!"

"मग धन्यांना म्हणावं, पोहायला शिकून या."

"जीभ आवर, बाई. उचलून बाजूला ठेवीन."

"ठेवा की. माझं माणूस कच्च्या चुन्यापायी गेलं, कारभारी. दुसरीचं जाऊ द्यायची नाही मी. दोन उन्हाळे मुरू द्या."

असं म्हणतात, दोन उन्हाळे ती फळीवरून उठली नाही. नदीवरून येणारी प्रत्येक बाई आधी तिच्या खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतायची आणि मग घरी जायची. असंही म्हणतात, की शिपायांनी तिला उचलायला हात घातला की खड्ड्यातून मुंगळ्यांच्या रांगा निघायच्या आणि शिपाई पागोटी टाकून पळायचे.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाला तिनं फळी काढली. चुन्याचा एक गोळा कमानीच्या पोटाला थापला, त्यात लोखंडी कडी खोचली आणि तो वाळल्यावर म्हणाली, "लोंबकळा, कारभारी." कारभारी लोंबकळला. पाय सुटले, जोडे गळाले, पण कडी हलली नाही. तसाच खाली बघत म्हणाला, "आता उतरवा कुणीतरी."

हौद उभा राहिला. पाणी सोडायच्या दिवशी धनी आला, रेशमी कापडाखाली त्याच्या नावाचा दगड आला, आणि मुरलेला चुना उरला होता एकच टोपली. तेवढ्यात चिमाईला तळाच्या पायरीशी केसाएवढी चीर दिसली.

कारभारी म्हणाला, "आधी नाव."

चिमाई म्हणाली, "आधी चीर."

तिनं कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. टोपली घेऊन बेचाळीस पायऱ्या उतरली आणि अंगठ्यानं दाबून दाबून सगळा चुना त्या चिरेत भरला. ती जागा सुकली, मग पाणी सोडलं. भिंत टिकली, पाणी टिकलं.

धन्यानं विचारलं, "आणि आमच्या नावाचं काय?"

"बसवू की, धनी. खड्डा पुन्हा भरते. दोन उन्हाळे थांबा."

धनी हसला, असं म्हणतात. थांबतो म्हणाला. पण पुढच्याच साली मोहिमेवर गेला तो परतला नाही. कारभाऱ्याला दम कुठला? त्यानं ताज्या चुन्यात दगड बसवला. तीन दिवसांत निसटला आणि धपकन हौदात गेला.

अजून तो तळाशी आहे म्हणतात. नाव वाचायचं तर हौद आटायला हवा, आणि चिमाईनं भरलेली चीर काही गळत नाही. एका विद्वानानं मागं सुचवलं होतं, पंप लावून उपसू या. तेव्हा दोन्ही आळ्या पहिल्यांदा एका बाजूला उभ्या राहिल्या. वरच्या आळीचे रंगूअण्णा म्हणाले, "साहेब, नावाशिवाय आमचं भागलंय. पाण्याशिवाय भागणार नाही."

आजही कुसुंबदऱ्यात कुणाला घर बांधायचं असलं, तर तो आधी गुळाचा खडा आणून त्या कोनाड्यात ठेवतो आणि पायरीवर बसून राहतो. मुंगळ्यांनी शेवटचा कण नेईपर्यंत पाया खणायचा नाही. परवा शाळेच्या नव्या खोलीचा ठेकेदार आला होता, सारखा घड्याळ बघत. किती वेळ लागतो, म्हणाला. पायरीवर बसलेल्या बाया सरकल्या आणि त्याला जागा करून दिली.