राजाच्या मिशा आणि मिरचीचं तेल

एक होता राजा. चांगला नव्हता मेला! आत्ताच सांगते, उगाच त्याची कीव करू नका.

त्याच्या राज्यात होती एक गोजराबाई. नाव गोजरं, पण जीभ अशी की विचारू नका. मिरचीचं रोप लावताना ती त्याला शिव्या घालायची. "ऊठ मुडद्या, सरळ उभा राहा!" तिकडची रीतच तशी, बरं का. गोड बोलून लावली तर मिरची गुळचट होते म्हणे.

राजाला वाटलं, तिखट खाऊन लोक चिडतात, आणि चिडले की मला उलट बोलतात. त्यापेक्षा तिखट काढूनच घ्यावं. मग शिपाई आले, लाल मिरच्या नेल्या. राजवाड्यात कांडून, पिळून त्यांचं तेल बाटलीत भरलं. मग आले, हिरव्या नेल्या. मग तिसऱ्यांदा आले आणि गोजराबाईच्या दारावरची बियाण्याच्या मिरच्यांची माळसुद्धा ओढून नेली!

गोजराबाई पेटलीच. "खायच्या नेल्या त्या नेल्या. पण बियाणं? पुढच्या साली लावू काय, त्याचं डोकं?" पदर खोचला आणि तरातरा निघाली राजवाड्याकडे.

इकडे राजाने ऐटीत बाटलीचं बूच काढलं. तर काय! आतून गोजराबाईचाच आवाज. "ऊठ मुडद्या, सरळ उभा राहा!" रोपांनी ऐकलेल्या सगळ्या शिव्या तेलात उतरल्या होत्या. राजा दचकला आणि तेल सांडलं मिशांवर. अगं आई गं! विहिरीच्या पाण्याने धुतलं, आग वाढली. गुलाबपाण्याने धुतलं, आणखी वाढली. मग तोंडच हौदात बुडवलं, तर आग कानापर्यंत पसरली.

तेवढ्यात गोजराबाई पोचली. "पाण्याने तेल जातं का रे कधी? जन्मात एक मिरची कांडली असतीस तर कळलं असतं! उतरवते आग, पण आधी माझी माळ."

माळ अजून कांडायची होती. राजाने रडत रडत दिली. तिने ती गळ्यात घातली, मगच त्याच्या मिशांना तिळाचं तेल चोळलं. आग उतरली.

"बाई, तुझे फार उपकार..."

"उपकार राहू देत. धोतर खोच आणि वाफ्यात उतर!"

त्या साली सगळी रोपं राजाने लावली. गोजराबाई बांधावर बसून दिवसभर शिव्या घालत होती. रोपांना नव्हे हो, राजाला! तशी झणझणीत मिरची पुन्हा कधी झाली नाही. सगळं गाव नाक पुसत पोटभर जेवलं. राजाही जेवला.

मिटा आता डोळे. कोण रे ते हसतंय? झोपा गुमान, नाहीतर उद्या तुम्हालाच वाफ्यात लावीन!