बिनझाकणाचं पेव

मांगुर्लीच्या खंडोबामागे जमिनीत धान्य साठवायची जुनी पेवं आहेत. सगळ्यांवर दगडी झाकणं, एकाचंच तोंड उघडं. पाहुण्यांनी विचारलं की बापू गुरव त्याच्या काठावर बसतात आणि सांगू लागतात.

फार मागे कोंडाबाईने मुलासाठी घाटाखालची मंजुळा सून करून आणली, असे सांगतात. मंजुळेच्या तोंडी मालवणी. तिने नुसतं पाणी मागितलं तरी बायका पदराआड हसत. सासू तर चारचौघींत तिची नक्कल करी, "खंय आसस गो बाय?" एके दिवशी तिने सुनेला शपथेसाठी खंडोबाचा बेलभंडाराच उचलायला लावला. "हितं आमच्यावानी बोलायचं. ती बोली पुन्हा काढलीस तर तुझ्या भावाचं रगत तुझ्या माथी."

एकुलता भाऊ. मंजुळेची वाचाच बसली. इथले शब्द मनात जुळवून तोंड उघडावं, तोवर बोलणं पुढे गेलेलं असायचं.

एकदा ती ज्वारी काढायला पेवात उतरली. "आत कोण हाय का?" गड्याने वरून विचारलं, म्हणे. 'मी हंय आसंय' एवढंच तिच्या ओठांवर आलं. इथलं काही आठवेना. तिने ओठ मिटले. झाकण बसलं.

काळोख. भिंतींना कडबा लावलेला. मुठी आपटल्या तरी आवाज होईना. श्वास जड झाला. वर नवरा हाका मारत फिरत होता. चुकून शब्द निसटेल, भाऊ जाईल, या भीतीने तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

विहीर धुंडाळून कोंडाबाई पेवांपाशी आली. साऱ्या गावासमोर गुडघे टेकून ती जमिनीशी वाकली आणि फाटक्या आवाजात ओरडली, "खंय आसस गो बाय?"

या वेळी कुणी हसलं नाही.

शपथ घालणारीनेच ती मोडली होती. मंजुळेने बोळा काढला. "हंय आसंय, आये!"

मंजुळेला वर काढल्यावर कोंडाबाईने त्या झाकणाचे स्वतः घण घालून तुकडे केले, असे सांगतात.

आजही मांगुर्लीत नवी सून आली की वरात आधी इथे थांबते. सासूने पेवात वाकून सुनेच्या माहेरच्या बोलीत हाक घालायची, सुनेने त्याच बोलीत ओ द्यायची. मगच माप ओलांडणं.

"आणि सासूला ती बोली येत नसली तर?" पाहुण्यांतली एखादी पोर विचारतेच.

"शिकायची. तवर तीबी उंबऱ्याभायेर हुबी."

"बोलताना चुकली तर?"

"चुकू दे की," बापू म्हणतात. "सून हसंल. तेवढं हसणं तिच्या वाटणीचं हाय."